गुनपेई योकोई : खिशातल्या खेळाचा कारागीर

आमच्या शाळेत उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर ह्या तिन्ही गावांहून मुले येतात हे वाचकांस ठाऊक आहेच. गतवर्षी दिवाळीच्या सुटीनंतर त्यांतील एका मुलाच्या दप्तरात आम्हांस करड्या रंगाची, विटेसारखी जाड अशी एक डबी सापडली. त्याच्या काकांनी ती उल्हासनगरच्या बाजारात जुन्या मालाच्या ढिगातून स्वस्तात घेतली होती. तीस गेम बॉय म्हणतात. रिवाजाप्रमाणे आम्ही ती जप्त केली. मुलगा रडला नाही. एवढेच म्हणाला की ती घरी एकदाही चालली नव्हती, आणि शाळेत कोणास तरी जमेल म्हणून त्याने ती आणली होती. हे ऐकून आम्ही ओशाळलो.

मधल्या सुटीत शिक्षकांच्या खोलीत आम्ही तिच्याशी झटापट आरंभिली. पाठीमागच्या खणात चार पेन्सिल सेल घातले. वरचे बटण सरकवताच लाल दिवा लागला, परंतु पडदा कोराच राहिला. डाव्या बाजूस एक दातेरी चकती आहे. ती फिरविल्याने पडद्यावरील छाया गडद किंवा फिकी होते. ती पार फिक्या टोकास गेलेली होती. ती फिरविताच पडदा जागा झाला, पण कंपनीच्या नावाऐवजी एक काळी पट्टी खाली उतरली आणि तेथेच थांबली. ह्या पट्टीमागे एक युक्ती आहे. खेळाच्या कॅसेटमध्ये कंपनीचे नाव चित्ररूपाने साठविलेले असते. यंत्र ते वाचते, स्वतःजवळच्या प्रतीशी ताडून पाहते, आणि दोन्ही जुळल्याखेरीज पुढे पाऊल टाकीत नाही. कॅसेटच्या धातूच्या पट्ट्यांवर मळ बसला असल्यामुळे वाचन होत नव्हते. मुले अशा वेळी कॅसेटमध्ये फुंकर घालतात. ती घालू नये, तोंडाच्या ओलाव्याने धातू खराब होतो. आम्ही बटण बंद करून कॅसेट काढली, कापसास स्पिरिट लावून पट्ट्या पुसल्या, त्या वाळू दिल्या आणि कॅसेट पुन्हा बसविली. ह्या खेपेस नाव नीट उतरले व घंटेसारखा नाद झाला. खोलीतील एका ज्येष्ठ बाईंनी तपासावयाच्या वह्या बाजूस सारल्या, एवढे येथे नमूद करितो.

ही डबी ज्यांच्या कल्पनेतून निघाली त्या गुनपेई योकोई ह्यांचे चरित्र आमच्या विद्यार्थ्यांनी अवश्य वाचावे असे आहे.

योकोई ह्यांचा जन्म जपानातील क्योतो ह्या जुन्या राजनगरीत १० सप्टेंबर १९४१ रोजी झाला. त्यांचे उच्च शिक्षण तेथील दोशिशा विश्वविद्यालयात झाले. ही संस्था नीजिमा नामक जपानी ख्रिस्ती गृहस्थांनी १८७५ साली स्थापिली, हे आमच्यासारख्या शाळेने ध्यानी ठेवण्याजोगे आहे. विद्युत्‌शास्त्राची पदवी घेऊन योकोई १९६५ साली निंतेंदो नामक कंपनीत लागले. ही कंपनी १८८९ पासून फुलांची चित्रे असलेले जपानी पत्ते तयार करीत असे. तेथील यंत्रांची देखभाल करणे हे योकोई ह्यांचे काम. यंत्रे सुरळीत चालली की देखभाल करणारास काम उरत नाही, म्हणून रिकाम्या वेळी त्यांनी स्वतःच्या करमणुकीसाठी कैचीप्रमाणे लांबणारा व दूरची वस्तू पकडणारा एक हात बनविला.

कंपनीचे अध्यक्ष हिरोशी यामाउची ह्यांच्या तो नजरेस पडला. यामाउची मोठे करडे गृहस्थ. नोकरी गेलीच असे योकोई ह्यांस वाटले असल्यास नवल नाही. परंतु अध्यक्षांनी त्या हाताचे विकाऊ खेळणे करण्याची आज्ञा दिली. १९६६ साली ते बाजारात आले आणि दहा लाखांहून अधिक खपले. (आमच्या वर्गात कोणी असा हात काढला असता, तर तो आज आमच्या कपाटात असता.) यंत्रे पुसणारा तरुण अशा रीतीने खेळणी रचू लागला. पुढील काही वर्षांत त्यांनी चेंडू फेकणारे यंत्र, प्रकाशाच्या झोताने नेम साधणारी बंदूक इत्यादी अनेक खेळणी केली.

त्यांच्या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. सर्वांत नवी व महाग सामग्री ते टाळीत. जी वस्तू जुनी होऊन स्वस्त झाली आहे, जिचे गुणदोष सर्वांस कळून चुकले आहेत, ती उचलून कोणाच्या ध्यानीमनी नाही अशा ठिकाणी ते योजीत. १९७० नंतरच्या दशकात खिशातील गणकयंत्रांच्या कंपन्यांत मोठी चुरस लागून त्यांच्या काचपडद्यांच्या किमती फार उतरल्या होत्या. त्याच सुमारास एकदा जलद आगगाडीने जात असता योकोई ह्यांस एक कंटाळलेला प्रवासी गणकयंत्राची बटणे उगाच दाबीत बसलेला दिसला. बदलापूर लोकलने रोज दीड तास मुंबईस जाणाऱ्या पालकांस त्या प्रवाशाची अवस्था निराळी सांगावयास नको. वेळ घालविण्याचे एखादे लहानसे यंत्र अशा मनुष्यास का असू नये, हा विचार योकोई ह्यांच्या मनात आला. पुढे एके दिवशी अध्यक्षांचा मोटारचालक आजारी पडल्याने योकोई ह्यांस गाडी चालवावी लागली, आणि वाटेत त्यांनी ही कल्पना सांगितली. थोड्याच दिवसांत काचपडदे करणाऱ्या शार्प कंपनीची माणसे दारात हजर झाली! १९८० साली निघालेल्या ह्या खिशातील खेळास घड्याळही जोडलेले होते. त्याचे निरनिराळे प्रकार मिळून ४ कोटी ३४ लाख नग खपले.

१९८२ साली ह्याच मालिकेतील एका घडीच्या खेळासाठी त्यांनी अधिकचिन्हाच्या आकाराचे बटण केले. उंच दांडी बसविली असती तर डबी मिटली नसती. ह्या बटणावर अंगठा ठेवला की न पाहता चारही दिशा कळतात. तेच बटण आजच्या यंत्रांवरही आढळते.

गेम बॉय २१ एप्रिल १९८९ रोजी जपानात विक्रीस आला. त्याच्या रचनेत सातोरु ओकादा ह्या सहकाऱ्याचा वाटा मोठा होता. पडद्यास रंग नाहीत, चारच छटा. आत दिवाही नाही, म्हणून उजेडातच खेळावे लागते. त्याच वर्षी एका अमेरिकन कंपनीने रंगीत पडद्याचे यंत्र आणले, व १९९० साली दुसऱ्या जपानी कंपनीनेही आणले. परंतु ती सहा सेल खाऊन काही तासांतच विझत. गेम बॉय चार सेलांवर दहा तासांहून अधिक चाले. आईबापांनी हिशेब केला, आणि मुलांनी हट्ट केला. पुढे आलेल्या रंगीत आवृत्तीसह त्याचे ११ कोटी ८६ लाख नग खपले.

सेलांवरून एक कबुली द्यावयाची आहे. काही वर्षांपूर्वी असेच एक यंत्र आम्ही जप्त करून सेलांसह कपाटात टाकले. वर्षअखेर परत देते वेळी सेल पाझरून आतील तारा हिरव्या पडल्या होत्या. त्या मुलीस काय सांगावे हे आम्हांस सुचले नाही. यंत्र ठेवून द्यावयाचे असल्यास सेल आधी काढावेत.

१९९५ साली योकोई ह्यांनी डोळ्यांस लावून पाहावयाचे, खोलीचा भास देणारे यंत्र काढले. त्यात काळ्यावर केवळ लाल चित्र दिसे. पाहणारास थकवा येई. वर्षाच्या आत त्याची विक्री बंद पडली. १९९६ च्या ऑगस्टमध्ये, एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर, ते कंपनीतून बाहेर पडले. लोकांनी ह्या दोन गोष्टींचा संबंध जोडला. योकोई ह्यांनी स्वतः तो मानला नाही. पंचावन्न वर्षांच्या वयात त्यांनी क्योतो येथे स्वतःची छोटी कंपनी काढली आणि बांदाई ह्या खेळणी-कंपनीसाठी नव्या खिशातील यंत्राचे काम हाती घेतले.

४ ऑक्टोबर १९९७ रोजी इशिकावा प्रांतातील द्रुतगती मार्गावर त्यांच्या मोटारीचा किरकोळ अपघात झाला. नुकसान पाहावयास ते खाली उतरले असता दुसऱ्या मोटारीने त्यांस धडक दिली, आणि त्यातच त्यांचा अंत झाला. वय छप्पन्न.

हाती घेतलेले यंत्र मार्च १९९९ मध्ये वंडरस्वॉन ह्या नावाने बाजारात आले. त्याचाही पडदा बिनरंगी होता, आणि ते एकाच पेन्सिल सेलावर तीस तास चाले. त्याबरोबर निघालेल्या रेषा जुळविण्याच्या एका खेळास त्यांच्या स्मरणार्थ गनपे असे नाव देण्यात आले.