टेबलावरची गाडी आणि चंबळची गाडी

जेवण झालंय, ताटं उचलली गेलीत आणि पाहुणे गप्पांना टेकलेत. एवढ्यात लांबलचक टेबलाच्या एका टोकाकडून चांदीचं इंजिन हळूच निघतं. त्याच्यामागे सात डबे. प्रत्येक डब्यावर रोमन लिपीतलं एकेक अक्षर, सगळी जुळवली की आडनाव तयार होतं : सिंदिया, म्हणजे आपले शिंदे. डब्यांमध्ये काचेच्या नक्षीदार सुरया, त्यात ब्रँडी वगैरे, शिवाय सिगार. गाडी रुळांवरून पाहुण्यांसमोर येते. तुम्ही सुरई उचलली की गाडी थांबते, परत ठेवली की पुढच्या पाहुण्याकडे निघते, असं सांगतात.

ग्वाल्हेरच्या जयविलास महालातली ही गाडी आजही तिथल्या संग्रहालयात टेबलावर उभी आहे. इन्स्टावर तिचे रील तुम्ही पाहिले असतील. बहुतेक रील दहा सेकंदांत संपतात आणि खाली कमेंट एकच : राजेलोकांचे शौक! पण ज्यांच्या टेबलावर ती धावली, त्या माधवराव शिंद्यांची गोष्ट दहा सेकंदांत मावणारी नाही. कारण या माणसानं टेबलावर गाडी फिरवली, तशी चंबळच्या खोऱ्यातही फिरवली. खोऱ्यातली गाडी शंभरहून जास्त वर्षं चालली आणि तिच्यात महाराजांचे पाहुणे नाही, तर बाजारहाटाला निघालेली माणसं बसत होती.

आधी एक घोळ मिटवूया. नाव गुगल केलंत तर दोन माधवराव येतील. राजीव गांधींच्या मंत्रिमंडळात रेल्वे सांभाळणारे आणि ज्यांच्या काळात १९८८ मध्ये पहिली शताब्दी एक्सप्रेस सुरू झाली, ते नातू. आपण बोलतोय आजोबांबद्दल. आजोबांचं वेड नातवाच्या खात्यात उतरलं, हा योगायोग मला तरी भारी वाटतो.

आजोबा माधवराव २० ऑक्टोबर १८७६ ला ग्वाल्हेरला जन्मले. घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कण्हेरखेडचं, म्हणजे दरबार मध्य भारतात असला तरी मुळं आपल्याकडची. वडील जयाजीराव १८८६ मध्ये गेले तेव्हा माधवराव नऊ वर्षांचे होते. आपण त्या वयात तिसरी-चौथीत असतो. हा मुलगा गादीवर बसला आणि कारभार मंडळाकडे गेला.

रेल्वे मात्र या घरात त्याच्या आधीच आली होती, आणि तीही पैशांच्या रूपात. जयाजीरावांनी १८७२ मध्ये आग्रा-ग्वाल्हेर लाइनसाठी ७५ लाख रुपये कर्जाऊ दिले. पुढच्याच वर्षी इंदूर-नीमच भागासाठी जवळपास तेवढेच. इंग्रजांच्या राज्यात रेल्वे म्हणजे इंग्रजांनी दिलेली भेट, असं आपण सहज बोलून जातो. इथे तर एका संस्थानिकानं खिशात हात घातला होता.

१८९४ च्या डिसेंबरात, वयाच्या अठराव्या वर्षी, माधवरावांच्या हातात पूर्ण अधिकार आले. अठरा म्हणजे आपलं एफवाय. आणि त्याच दशकात त्यांनी रूळ टाकायला घेतले. सुरुवात महालाच्या जवळपासच्या छोट्या लाइनपासून झाली. ती नुसती खेळणं म्हणून राहिली असती, तर आज कोणी तिच्यावर लिहिलंही नसतं. पण ती वाढत गेली. १८९९ मध्ये ग्वाल्हेरहून भिंड आणि शिवपुरी या दोन्ही दिशांना गाड्या सुटल्या. १९०४ मध्ये तिसरा फाटा सबलगढला पोचला, १९०८ मध्ये बीरपूरला आणि १९०९ मध्ये श्योपूरला. नाव : ग्वाल्हेर लाइट रेल्वे.

रुळांमधलं अंतर फक्त दोन फूट, ६१० मिलिमीटर. नंदुरबार स्टेशनवर दिसणारी ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरची, म्हणजे पावणेतीन पट रुंद. मग इतकी चिंचोळी लाइन का? राजाला झेपत नव्हतं म्हणून नाही. रूळ जेवढे जवळ, तेवढं वळण जास्त आवळून घेता येतं. वळण घेता आलं की टेकडी फोडावी लागत नाही, घळीला वळसा घालता येतो. भराव कमी, पूल लहान, डबे आणि इंजिन हलके, खर्च कमी. चंबळच्या बाजूची जमीन घळींनी अशी चिरलीय की तिथे सरळ रेघ मारणं म्हणजे पैसा ओतणं. मोबदल्यात वेग जातो. श्योपूरची गाडी सुमारे २०० किलोमीटरला दहा-बारा तास घ्यायची. पण जिथे आधी बैलगाडी होती, तिथे दहा तास म्हणजे काय, हे ज्याच्या गावाला रेल्वे नाही त्यालाच कळेल. आपल्या शहादा-लोणखेड्याच्या माणसाला रेल्वे म्हणजे आधी एसटी, मग स्टेशन. तापीच्या त्या अंगाला रूळ पडून सव्वाशे वर्षं झाली, तरी अलीकडच्या अंगाला अजून इंजिनाची शिट्टी नाही.

हाच दोन फुटी गेज दार्जिलिंगच्या डोंगरात १८८१ पासून होता. तिथली प्रसिद्ध निळी बुटकी इंजिनं १८८९ पासून यायला लागली, ती शार्प स्टुअर्ट कंपनीची, स्कॉटलंडमधल्या ग्लासगोची. ग्लासगोचा स्प्रिंगबर्न भाग म्हणजे तेव्हा इंजिनांचं माहेर. १९०३ मध्ये ग्लासगोतल्या नीलसन रीड, ड्यूब्स आणि शार्प स्टुअर्ट या तीन कंपन्या एकत्र येऊन नॉर्थ ब्रिटिश लोकोमोटिव्ह कंपनी झाली, युरोपातली सगळ्यात मोठी. भारतभरच्या रुळांवर तिची इंजिनं वर्षानुवर्षं कोळसा खात होती. वाफेच्या इंजिनांची मॉडेल्स जमवणारे जगभरचे हौशी लोक आजही स्कॉटिश इंजिनांसाठी जीव टाकतात, त्याचं कारण हेच.

हौस म्हणजे काय?

मॉडेल रेल्वेचा लेआउट करणाऱ्या माणसाला विचारा. तो गाडी विकत घेऊन गोल-गोल फिरवत नाही. तो आधी जागा मोजतो, मग वळणाची त्रिज्या ठरवतो, चढ किती ठेवला तर इंजिन डबे ओढेल ते बघतो, सांधे कुठे बसवायचे, वायर कुठून काढायची, हे सगळं डोक्यात जुळवतो. प्लायवर रूळ ठोकण्याआधी कागदावर पन्नास वेळा खोडतो. थोडक्यात, खऱ्या रेल्वे इंजिनिअरला जे प्रश्न पडतात तेच याला पडतात, फक्त सेंटिमीटरमध्ये.

गंमत म्हणून श्योपूर लाइनचा लेआउट करायचा ठरवूया. ब्रिटिश हौशी लोकांचं आवडतं प्रमाण एकास ७६. म्हणजे दोन फुटी लाइनचे रूळ आठ मिलिमीटरवर येतात. आठचा ट्रॅक तयार मिळत नाही, म्हणून लोक नऊ मिलिमीटरचा वापरतात. एक मिलिमीटर इकडेतिकडे, डोळ्याला कळत नाही. पण लांबी? २०० किलोमीटर भागिले ७६, म्हणजे अडीच किलोमीटरहून जास्त. लोणखेड्यातून चालत निघालात तर घामाघूम होईपर्यंत तुमचा लेआउट संपणार नाही. म्हणून लेआउट करणारा सगळं करत नाही, निवडतो : एक स्टेशन, एक पूल, एक घळ. ज्यांना हे प्रत्यक्ष बघायचंय त्यांनी पुण्यात कोथरूडचं जोशी यांचं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय बघावं. १९९८ पासून ते लोकांसाठी खुलं आहे.

माधवरावांचं वेगळेपण असं की ते दोन्ही मापांत खेळले. एकाच माणसाकडे टेबलाच्या मापाची लाइन होती आणि जिल्ह्यांच्या मापाचीही. टेबलावरची पाहुण्यांसाठी होती, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९०५ मध्ये इंग्लंडचे युवराज ग्वाल्हेरला आले होते. हेच पुढे पाचवे जॉर्ज झाले. माधवरावांनी तर आपल्या मुलांच्या नावांना जॉर्ज आणि मेरी जोडलं : जॉर्ज जिवाजीराव आणि मेरी कमलाराजे. ज्यांच्या हातात आपलं राज्य आहे त्यांना खूश ठेवणं, हे संस्थानिकाचं कामच होतं आणि चांदीची गाडी त्या कामाला उपयोगी पडायची. १९०० मध्ये चीनमध्ये बॉक्सर बंड झालं तेव्हा ते इंग्रज सैन्याबरोबर स्वतः गेले आणि इस्पितळाचं जहाजही दिलं.

या गाडीचा एक किस्सा जगभर फिरतो. लॅपिएर आणि कॉलिन्स यांच्या फ्रीडम ॲट मिडनाइट या १९७५ च्या पुस्तकानं तो पसरवला. व्हाइसरॉयसाठी मेजवानी, महाराज कंट्रोल पॅनलवर, अचानक शॉर्टसर्किट आणि गाड्या बेफाम. रस्सा, मटार, मांस, सगळं पाहुण्यांच्या कपड्यांवर. त्यात रूळ थेट मुदपाकखान्यापर्यंत गेलेले आहेत आणि महाराज मनात आलं तर एखाद्याच्या समोरून गोड पदार्थ न थांबवता पळवतात. खरं-खोटं किती, देव जाणे. मला तो किस्सा जरा जास्तच तिखटमीठ लावलेला वाटतो. पण ज्यानं कधी वायरिंग केलंय त्याला शॉर्टसर्किटवर विश्वास ठेवायला जड जाणार नाही.

टेबलावर चूक झाली तर मटार सांडतात. जमिनीवर झाली तर काय होतं, हेही माधवरावांच्याच कारकिर्दीत दिसलं. ग्वाल्हेरजवळ तिघरा इथे सांक नदीवर धरण बांधलं गेलं. ऑगस्ट १९१७ मध्ये ते फुटलं. वालुकाश्माच्या पायात पाणी मुरलं होतं. सुमारे हजार माणसं गेली असं नोंदलं गेलंय. महाराजांच्या चरित्रांत चांदीच्या गाडीला पानं मिळतात आणि तिघऱ्याला ओळी, हे खटकतं. धरण पुढे पुन्हा बांधलं गेलं, १९२९ मध्ये. तोवर माधवराव हयात नव्हते.

एक गोष्ट मात्र पुस्तकांमध्ये कोपऱ्यात पडलेली असते आणि ती कॉमर्सवाल्यांनी आवर्जून वाचावी. जमशेदपूरचा टाटांचा पोलाद कारखाना उभा राहत होता. भांडवल भारतीयांनी दिलं, पण रोजचा कारभार चालवायला खेळतं भांडवल लागत होतं. त्यासाठी कंपनीनं चार लाख पौंडांचे डिबेंचर काढले. ते सगळेच्या सगळे एका माणसानं घेतले : माधवराव शिंदे. १९१२ मध्ये तिथे पोलाद ओतलं जायला लागलं आणि त्या पोलादाचे रूळ पहिल्या महायुद्धात परदेशी पाठवले गेले. वडिलांनी रेल्वेला कर्ज दिलं होतं, मुलानं रूळ बनवणाऱ्याला दिलं. नफ्याचा हिशेब त्यात होताच, आणि असावाच. तरी परदेशी कारखान्यांशिवाय रूळ मिळणार नाहीत अशा काळात हा पैसा देशातल्या भट्टीत गेला.

शिक्षणाचंही थोडं. सरदारांच्या मुलांसाठी १८९७ मध्ये त्यांनी शाळा काढली, तीच आजची किल्ल्यावरची सिंधिया स्कूल. सामान्य मुलांसाठी नव्हती, हे लक्षात ठेवूनच कौतुक करायचं. शिवपुरी हे त्यांचं आवडतं गाव. उन्हाळ्यात राजधानी तिथे हलायची आणि जायला त्यांचीच छोटी गाडी होती.

५ जून १९२५ ला पॅरिसमध्ये ते वारले. वय अठ्ठेचाळीस. शिवपुरीत त्यांची संगमरवरी छत्री आहे.

गाड्या त्यांच्यानंतरही चालत राहिल्या. संस्थान विलीन झालं, इंजिनं वाफेवरून डिझेलवर गेली, शिवपुरीचा फाटा बंद पडला, भिंडचा ब्रॉडगेज झाला. श्योपूरची तेवढी तशीच राहिली : आत जागा नाही म्हणून टपावर बसलेली माणसं, दुधाच्या किटल्या, शाळेची पोरं. तिचे फोटो बघाल तर डबा कमी आणि माणसं जास्त दिसतात. २०२० मध्ये करोनात गाडी थांबली ती थांबलीच. आता तिथे ब्रॉडगेजचं काम सुरू आहे.

कोणाला जायचं असेल तर नंदुरबारहून भुसावळ गाठा आणि तिथून इटारसी-भोपाळ-झाशीमार्गे दिल्लीकडे जाणारी गाडी पकडा. झाशीच्या पुढे ग्वाल्हेर. स्टेशनवर उतरलात की आधी बाजूला नॅरोगेजचे प्लॅटफॉर्म कुठे होते ते कोणाला तरी विचारा. जयविलास नंतर बघा. चांदीचं इंजिन कुठे पळून जात नाही.