लोकमान्यांचा मधुमेह आणि आपली रक्ततपासणी

१ ऑगस्ट ही लोकमान्य टिळकांची पुण्यतिथी. शाळांमधून भाषणे होतात, केसरी, मंडाले, गीतारहस्य यांचा उल्लेख होतो. या चरित्राचा एक भाग मात्र सहसा कोणी सांगत नाही. लोकमान्य मधुमेही होते, आणि इन्सुलिन नावाचे औषध जगात येण्याच्या थोडेच आधी ते गेले. चाळिशी-पन्नाशीत असलेल्या प्रत्येकाने हा भाग वाचावा असा आहे.

टिळकांचा जन्म २३ जुलै १८५६ रोजी रत्नागिरीत झाला. मूळ गाव दापोली तालुक्यातले चिखलगाव, म्हणजे ते आपल्याच कोकणातले. वडील गंगाधरपंत शिक्षक होते. बाळ सोळा वर्षांचा असताना तेही गेले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात आला तेव्हा हा मुलगा प्रकृतीने किरकोळ होता. पहिले वर्ष त्याने अभ्यास बाजूला ठेवून तालीम, पोहणे आणि सकस आहार यांना दिले. परीक्षेचे वर्ष वाया गेले, पण शरीर कमावले. ही कमाई पुढे आयुष्यभर कामी आली.

त्यानंतरचा कामाचा झपाटा सर्वांना माहीत आहे. १८८० मध्ये न्यू इंग्लिश स्कूल, १८८१ मध्ये केसरी आणि मराठा, १८८२ मध्ये कोल्हापूर प्रकरणात आगरकरांबरोबर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस. १८९७ मध्ये पुण्यात प्लेगने थैमान घातले तेव्हा ते शहर सोडून गेले नाहीत. त्याच वर्षी राजद्रोहाच्या आरोपाखाली त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. वर्षभरानंतर सुटले तेव्हा प्रकृती ढासळलेली होती. त्यापाठोपाठ ताईमहाराज खटला मागे लागला. लेखन, कोर्टकचेरी, प्रवास, जागरणे आणि सततचा ताण यांत त्यांची चाळिशी संपली.

२२ जुलै १९०८ रोजी, म्हणजे बावन्नाव्या वाढदिवसाच्या आदल्या रात्री, न्यायमूर्ती दावर यांनी त्यांना सहा वर्षे काळ्या पाण्याची शिक्षा सुनावली. ब्रह्मदेशातील मंडालेच्या तुरुंगात ते गेले तेव्हा त्यांना मधुमेह जडलेला होता. तरुणपणी तालमीत घाम गाळलेल्या माणसालाही पन्नाशीत हा आजार गाठतो, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे. आमच्या ओपीडीत ‘डॉक्टर, मी एकेकाळी कबड्डी खेळायचो’ असे सांगणारे बरेच येतात. त्या वेळच्या व्यायामाचा फायदा झालाच, पण तो बँकेतल्या ठेवीसारखा पडून राहत नाही.

त्या काळी मधुमेहावर औषध नव्हते. होते ते फक्त पथ्य. तपासणीही मुख्यतः लघवीची. निळ्या द्रावणात लघवीचे थेंब टाकून ते तापवायचे. रंग निळाच राहिला तर साखर नाही. हिरवा, पिवळा किंवा विटकरी झाला तर साखर आहे. ही पद्धत आपल्याकडे अगदी अलीकडेपर्यंत वापरात होती, जुन्या वाचकांना आठवत असेल. तिच्यात मोठा दोष आहे. रक्तातील साखर साधारण १८० मिलिग्रॅमच्या वर गेली की मगच मूत्रपिंड ती लघवीत सोडते. म्हणजे लघवीत साखर सापडेपर्यंत आजार बराच पुढे गेलेला असतो. थोड्याशा रक्तावर साखर मोजण्याच्या सोप्या पद्धती त्या काळात नुकत्या आकाराला येत होत्या. सामान्य रुग्णापर्यंत त्या पोहोचल्या नव्हत्या.

मंडालेतील उन्हाळा कडक, खोली लाकडी, सोबतीला एक कैदी आचारी. अशा स्थितीत टिळकांनी आहाराचे पथ्य कसोशीने पाळले आणि दिनक्रम बांधून घेतला. १९१०-११ च्या हिवाळ्यात काही महिन्यांत, पेन्सिलीने, त्यांनी गीतारहस्य लिहून काढले. १९१२ मध्ये पुण्यात पत्नी सत्यभामाबाई गेल्या, ती बातमी त्यांना तुरुंगातच कळली. जून १९१४ मध्ये सुटले तेव्हा वय अठ्ठावन्नाच्या घरात होते. इन्सुलिनशिवाय ते इतकी वर्षे तगले, यावरून त्यांचा मधुमेह आज ज्याला आपण टाइप टू म्हणतो त्या प्रकारचा असावा, असे डॉक्टर म्हणून वाटते. या प्रकारात शरीरात इन्सुलिन तयार होते, पण पेशी त्याला नीट दाद देत नाहीत. पथ्याने, वजन आटोक्यात ठेवल्याने आणि नियमित हालचालीने तो बराच काबूत राहतो.

सुटकेनंतरही विश्रांती नव्हतीच. १९१६ मध्ये होमरूल लीग आणि लखनौ करार, १९१८-१९ मध्ये चिरोल खटल्यासाठी इंग्लंड, लगेच अमृतसर काँग्रेस. जुलै १९२० मध्ये ते मुंबईत सरदारगृहात उतरले असताना ताप आला. तो वाढत गेला, न्यूमोनिया झाला आणि १ ऑगस्टच्या पहाटे वयाच्या चौसष्टाव्या वर्षी त्यांचे निधन झाले.

पुढच्याच वर्षी, १९२१ मध्ये, कॅनडातील टोरोंटो येथे इन्सुलिन वेगळे करण्यात यश आले आणि जानेवारी १९२२ मध्ये किशोरवयीन लेनर्ड थॉम्पसनला ते प्रथम टोचले गेले. इन्सुलिन असते तर लोकमान्य वाचलेच असते, असे म्हणता येणार नाही. न्यूमोनियावर चालणारी प्रतिजैविकेही तेव्हा नव्हती. मात्र साखर वाढलेल्या शरीराची जंतूंशी लढण्याची ताकद कमी होते, हे नक्की. आपल्याकडे पावसाळ्यात लेप्टोचे रुग्ण येतात. शेतात, चिखलात काम करणाऱ्या माणसाला ताप आला आणि त्याची साखर आधीपासून वाढलेली असेल, तर आमची काळजी दुप्पट होते. अनेकांना आपल्याला मधुमेह आहे हे अशा तापातच पहिल्यांदा कळते.

तसे होऊ नये म्हणूनच निरोगी वाटत असताना तपासणी करायची. तिशीनंतर प्रत्येकाने रक्तदाब आणि साखर पाहावी. सरकारी कार्यक्रमात हेच वय धरले आहे आणि जवळच्या आरोग्य केंद्रात ही तपासणी मोफत होते. उपाशीपोटी साखर १०० च्या आत असावी. १०० ते १२५ ही धोक्याची सूचना आणि १२६ किंवा अधिक म्हणजे मधुमेह. त्रास काही नसेल तर पुन्हा तपासून खात्री करायची. तीन महिन्यांची सरासरी सांगणारी एचबीए१सी ५.७ च्या आत हवी, ६.५ ला मधुमेह ठरतो. मात्र अंगात रक्त कमी असेल तर हा आकडा फसवू शकतो. आपल्याकडच्या बायकांमध्ये हे नेहमी दिसते, म्हणून हिमोग्लोबिन सोबत पाहावे. चाळिशीनंतर कोलेस्टेरॉल आणि क्रिएटिनिन यांची भर घालावी. मधुमेह किंवा रक्तदाब असेल तर लघवीतील अल्ब्युमिनही दरवर्षी तपासावे.

एवढे पुरते. शंभर चाचण्यांचे पॅकेज स्वस्तात मिळते म्हणून करू नये. लक्षण नसताना कॅन्सरचे मार्कर वगैरे तपासले की एखादा आकडा इकडेतिकडे निघतो आणि माणूस विनाकारण मुंबई-गोव्याच्या खेपा घालतो. दुसरी चूक याच्या उलट. रिपोर्टमध्ये साखर ११५ आली, कागद कपाटात गेला, आणि पाच वर्षांनी पायाची जखम घेऊन माणूस आला. ११५ चा आकडा ही खरी संधी असते. या टप्प्यावर ताटातला भात निम्मा करून भाजी-डाळ आणि मासे वाढवले, रोज अर्धा तास चालले, वजन पाच-सात टक्के उतरवले, तर मधुमेह अनेक वर्षे लांबवता येतो. मासे खायला मी बंदी घालत नाही. तळण कमी करा, इतकेच.

लोकमान्यांच्या हाती पथ्याखेरीज काही नव्हते आणि तरी त्यांनी ते तुरुंगात पाळले. आपल्या हाती पथ्य आहे, गोळ्या आहेत, इन्सुलिन आहे, आणि आजार लागण्याआधीच त्याची चाहूल देणारी चाचणी आहे. चतुर्थीला घरी मुंबईची मंडळी येतील, मोदकांची धांदल उडेल. त्याआधी एका सकाळी काही न खाता आरोग्य केंद्रात जाऊन या. चाळिशी ओलांडलेल्या भावाला, वहिनीलाही सोबत न्या.