अलेक्झांडर हॅमिल्टन : पेढीवरचा कारकून

आमच्या घरी कर्ज हा शब्द हळू आवाजात उच्चारतात. म्हणून इतिहासाच्या तासाला, कर्जाच्याच पायावर राष्ट्राची पत उभी करणाऱ्या हॅमिल्टनचे नाव निघाले तेव्हा मी बाकावर सरसावून बसलो.

त्याचा जन्म वेस्ट इंडीजमधील नेव्हिस बेटावरचा. बाप घर सोडून गेलेला, आई १७६८ मध्ये वारली. सेंट क्रॉय बेटावरील एका व्यापारी पेढीत तो हिशेब लिहू लागला. १७७१ मध्ये मालक परगावी असताना या पोराने पेढी काही महिने एकट्याने सांभाळली. पुढच्या वर्षीच्या वादळाचे त्याने केलेले वर्णन वृत्तपत्रात छापून आले, आणि तेथील मंडळींनी वर्गणी काढून त्याला शिकायला अमेरिकेत धाडले. वर्गणीवर शिकणे म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे.

न्यूयॉर्कला कॉलेज, मग स्वातंत्र्ययुद्ध, वॉशिंग्टनचा सहायक. १७८२ मध्ये स्वतःच अभ्यास करून वकील. १७८४ मध्ये बँक ऑफ न्यूयॉर्कची घटना त्याने लिहिली आणि १७८९ मध्ये तो देशाचा पहिला अर्थमंत्री झाला.

केंद्रावर सुमारे ५ कोटी ४० लाख डॉलर कर्ज होते, राज्यांवर अडीच कोटी. सारे केंद्राने शिरावर घ्यावे आणि आज रोखा ज्याच्या हाती असेल त्याला पुरते मोल द्यावे, असे त्याने १७९० मध्ये मांडले. पण रोखे होते कोणाच्या हाती? पगाराऐवजी हे कागद मिळालेल्या अनेक सैनिकांनी घर चालवण्यासाठी ते पाव किमतीला, त्याहूनही कमीत विकले होते. मूळ धन्यालाही वाटा मिळावा ही मॅडिसनची सूचना १३ विरुद्ध ३६ मतांनी पडली. झालेला व्यवहार सरकारच मोडू लागले तर त्याचा कागद पुढे कोण घेईल, हा हॅमिल्टनचा मुद्दा. तो बिनतोड आहे. आमच्या सरांनाही पटतो. पण नडीला उभे पीक विकणारे वडील मी पाहिले आहेत. माझे मत मॅडिसनला.

१७९१ मध्ये एक कोटी डॉलर भांडवलाची राष्ट्रीय बँक त्याच्याच योजनेतून निघाली. १७९५ मध्ये पद सोडून तो वकिलीकडे परतला. त्याचा वैरी ॲरन बर हाही वकील आणि राजकारणी. या गृहस्थाने १७९९ मध्ये पाणीपुरवठ्याच्या कंपनीआडून चक्क बँक काढली! ११ जुलै १८०४ रोजी दोघांचे द्वंद्व झाले. बर तेव्हा उपराष्ट्राध्यक्ष होता. दुसऱ्या दिवशी हॅमिल्टन वारला.

मागे पत्नी एलिझाबेथ, सात मुले आणि कर्ज. ते फेडायला मित्रांनी पुन्हा वर्गणी काढली.