दारात फुकट सफरचंदं ठेवणाऱ्या बिल ग्रॅहमनं रॉक कॉन्सर्टचा धंदा कसा उभा केला?

सप्टेंबर २०२४ मध्ये कोल्डप्लेच्या तिकिटांसाठी लाखो लोक मोबाईल हातात धरून ऑनलाईन रांगेत उभे होते. जानेवारी २०२५ मध्ये नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर शो झाले. चर्चा झाली ती ख्रिस मार्टिनची, तिकिटांच्या रेटची आणि ब्लॅकची.

पण असा शो उभा कोण करतं? तर प्रमोटर. बँडला ठरलेली रक्कम कबूल करायची, जागा भाड्यानं घ्यायची, साऊंड-लाईट-सिक्युरिटी लावायची आणि तिकिटं विकायची, हे त्याचं काम. शो चालला तर उरलेला पैसा त्याचा. शो पडला तर खड्डाही त्याच्याच खिशाला.

साठच्या दशकात रॉक संगीतात हे काम बरंचसं अंदाजपंचे चालायचं. त्याला शिस्तीच्या धंद्याचं रूप देणाऱ्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव म्हणजे बिल ग्रॅहम. गंमत म्हणजे या गड्याला ना गाता येत होतं, ना गिटार वाजवता येत होती.

टेलिफोन डिरेक्टरीत सापडलेलं नाव

बिलचा जन्म ८ जानेवारी १९३१ चा, बर्लिनमधला. खरं नाव वुल्फगांग ग्रायोन्का. घर ज्यू. तो दोन दिवसांचा असताना वडील गेले. पोटापाण्यासाठी राबणाऱ्या आईनं त्याला आणि त्याच्या एका बहिणीला अनाथाश्रमात ठेवलं. १९३९ मध्ये तिथल्या मुलांसोबत या दोघांना फ्रान्सला पाठवण्यात आलं. पुढच्याच वर्षी फ्रान्सही हिटलरच्या ताब्यात गेला आणि मुलांना तिथूनही निघावं लागलं. त्या धावपळीत सोबतची बहीण गेली. इकडे आईची नाझींनी हत्या केली.

१९४१ मध्ये १० वर्षांचा हा मुलगा न्यूयॉर्कला पोचला. तिथं निर्वासित मुलांना सांभाळायला कुटुंबं पुढं येत होती. बाकीची मुलं एकेक करून गेली, पण याचा नंबर काही लवकर लागेना. शेवटी ब्राँक्समधल्या एका घरानं त्याला आपलं म्हटलं. जर्मन उच्चारावरून पोरं चिडवायची, म्हणून त्यानं इंग्रजी घासून घासून पक्की केली. मोठा झाल्यावर टेलिफोन डिरेक्टरीत आपल्या आडनावाच्या जवळचं आडनाव शोधलं आणि तो ग्रॅहम झाला.

कोरियन युद्धात लढला, ब्राँझ स्टार मिळवला. सिटी कॉलेजात बिझनेस शिकला. पण धंद्याचे खरे धडे त्याला मिळाले कॅट्सकिल डोंगरातल्या रिसॉर्टमध्ये, वेटरचं काम करताना. गिऱ्हाईक कशानं खूश होतं, कशानं उठून जातं आणि पुन्हा कशासाठी येतं, हे त्यानं हातात ताट घेऊन शिकून घेतलं.

मदतीसाठी केलेला शो आणि डोक्यात पेटलेली ट्यूब

१९६५ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत चांगली नोकरी सोडून तो एका पथनाट्य करणाऱ्या ग्रुपचा मॅनेजर झाला. ग्रुपचं नाव सॅन फ्रान्सिस्को माईम ट्रूप. परवानगी नसताना बागेत नाटक केलं म्हणून ग्रुपच्या प्रमुखाला अटक झाली. कोर्टाच्या खर्चासाठी ६ नोव्हेंबर १९६५ ला बिलनं एक मदतनिधी शो लावला. जागा छोटी होती आणि गर्दी रस्त्यावर आली.

शहरातल्या तरुण पोरांना एकत्र येऊन असं संगीत ऐकायचंय, पण त्यासाठी धड जागाच नाही, हे त्याच्या लक्षात आलं. मॅनेजमेंटच्या भाषेत याला बाजारातली पोकळी म्हणतात. डिसेंबरमध्ये त्यानं फिलमोर ऑडिटोरियम नावाच्या हॉलमध्ये पुढचा शो केला आणि फेब्रुवारी १९६६ पासून तिथंच स्वतःचे शो लावायला सुरुवात केली.

तेव्हाचा एक किस्सा फेमस आहे. बिल आणि चेट हेल्म्स या दुसऱ्या प्रमोटरनं मिळून पॉल बटरफिल्डच्या ब्लूज बँडचे शो लावले. शो जोरात चालले. दुसऱ्या दिवशी बिल भल्या पहाटे उठला. सॅन फ्रान्सिस्कोत उजाडायचं होतं, पण न्यूयॉर्कमध्ये ऑफिसं उघडायची वेळ झाली होती. त्यानं बँडच्या मॅनेजरला फोन लावला आणि शहरातले पुढचे शो स्वतःच्या नावावर करून घेतले. चेट झोपेतून उठेपर्यंत डील पक्कं झालेलं होतं.

अशा वागण्यामुळं हिप्पी मंडळी त्याला पैशाचा लोभी म्हणायची. त्याचं ओरडणं तर शहरभर प्रसिद्ध होतं. पण त्याच्या शोचं गणित चुकत नसे, हे शिव्या देणाऱ्यांनाही मान्य होतं.

तिकिटाच्या पैशात नक्की काय मिळायचं?

फिलमोरच्या दारात सफरचंदांनी भरलेलं एक पिंप असायचं. येणाऱ्यानं एखादं उचलायचं, पैसे नाहीत. शोचं रंगीत पोस्टर फुकट मिळायचं. वेस विल्सनसारख्या कलाकारांनी काढलेली ती पोस्टर्स पोरं घरी नेऊन भिंतीवर चिकटवायची. म्हणजे जाहिरात गिऱ्हाईकाच्या बेडरूममध्ये लागायची, तीही त्याच्या राजीखुशीनं. आज कंपन्या कस्टमर एक्सपिरियन्स आणि ब्रँडिंगवर मोठाली बजेटं खर्च करतात. बिलनं ते काम सफरचंद आणि कागदावर भागवलं.

दुसरी गोष्ट म्हणजे एका तिकिटात तो वेगवेगळ्या जातकुळीचे कलाकार बसवायचा. लोक यायचे ओळखीच्या रॉक बँडसाठी, पण त्याआधी त्यांना ब्लूज किंवा जॅझ ऐकायला मिळायचं. १९६७ मध्ये बी. बी. किंग फिलमोरला आले, तेव्हा गोऱ्या पोरांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. १९७० मध्ये ग्रेटफुल डेडच्या आधी चक्क माईल्स डेव्हिस वाजवून गेले. याला बंडलिंग म्हणतात. खपणाऱ्या मालासोबत न खपलेला चांगला माल द्यायचा आणि गिऱ्हाईकाची चव तयार करायची. हळूहळू लोक कोण वाजवणार हे न बघता फिलमोरच्या नावावर तिकीट काढू लागले.

नव्या कलाकारांवर तो अशीच पैज लावायचा. १९६९ च्या वूडस्टॉकच्या आयोजकांना त्याची मदत हवी होती. त्यानं आग्रह धरला की सँटाना नावाच्या बँडलाही घ्या. तेव्हा सँटानाचा पहिला अल्बमही आला नव्हता. वूडस्टॉकनंतर त्यांना जग ओळखायला लागलं.

धंदा जोरात असताना शटर खाली

मार्च १९६८ मध्ये त्यानं न्यूयॉर्कमध्ये फिलमोर ईस्ट सुरू केलं, जुलैमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत मोठ्या जागेत फिलमोर वेस्ट. आणि १९७१ च्या उन्हाळ्यात दोन्ही बंद केली.

का? कारण ज्या बँडना त्यानं मोठं केलं, त्यांनाच आता छोटे हॉल परवडेनात. फिलमोर ईस्टमध्ये साधारण २,७०० माणसं बसायची. मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्याच्या कितीतरी पट. एका रात्रीत तिथं भरपूर कमाई होत असेल, तर हॉलमध्ये रोज दोन-दोन शो कोण करणार? माल पुरवणारा मोजकाच असेल तर किंमत तोच ठरवतो. धंद्यातला हा जुना नियम बिलच्या अंगावर आला.

पण गडी खचला नाही. बाजार मोठ्या मैदानांकडं चाललाय म्हटल्यावर तोही तिकडं गेला. १९७३ पासून ओकलंडच्या स्टेडियमवर त्यानं डे ऑन द ग्रीन नावाचे दिवसभराचे शो भरवले. १९७४ मध्ये बॉब डिलन आणि द बँडच्या २१ शहरांतल्या ४० शोंची जबाबदारी घेतली. तिकिटांसाठी टपालानं लाखो अर्ज आले. बँडचे टी-शर्ट विकण्यासाठी वेगळी कंपनी काढली. कमाई एकट्या तिकिटावर अवलंबून ठेवायची नाही, हा त्यामागचा हिशोब.

धंदा वाढला तरी वेटर काही मेला नव्हता. २५ नोव्हेंबर १९७६ ला द बँडचा निरोपाचा शो होता आणि नेमका थँक्सगिव्हिंगचा सण. बिलनं सुमारे ५,००० प्रेक्षकांना आधी टर्कीचं जेवण वाढलं, मग शो सुरू केला.

ऑफिस जळालं, तरी शो थांबला नाही

१९८५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन जर्मनीतल्या बिटबुर्गच्या दफनभूमीला भेट देणार होते. तिथं हिटलरच्या एसएस दलातल्या सैनिकांच्याही कबरी होत्या. बिलनं उघड विरोध केला, पेपरात जाहिरात दिली. मे महिन्यात त्याचं सॅन फ्रान्सिस्कोतलं ऑफिस बॉम्ब टाकून जाळण्यात आलं. वर्षानुवर्षांचे कागद, फोटो, आठवणी सगळं राख झालं.

त्यानंतर दोनच महिन्यांनी, १३ जुलै १९८५ ला, इथिओपियातल्या दुष्काळग्रस्तांसाठी लाईव्ह एड झालं. फिलाडेल्फियातला शो उभा करणारा माणूस होता बिल ग्रॅहम. १९८८ मध्ये त्यानं मानवी हक्कांसाठीची जागतिक टूर सांभाळली. ही टूर ३० सप्टेंबरला दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियमवरही आली होती. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, ट्रेसी चॅपमन अशी मंडळी एका स्टेजवर होती.

मग १९८९ मध्ये सगळ्यात मोठा धक्का बसला. १९८१ मध्ये रोलिंग स्टोन्सची टूर त्यानं यशस्वी करून दाखवली होती. पुढची टूरही आपल्याकडंच येणार असं तो धरून चालला होता. पण मायकल कोल या कॅनडाच्या प्रमोटरनं तिकीट, माल, स्पॉन्सर असं सगळं एकत्र धरून बँडला मोठ्या रकमेची हमी दिली. वर्षांची ओळख मागं पडली. एकेका शहराचे वेगवेगळे प्रमोटर जाऊन अख्खी टूर एकाच कंपनीकडं जाण्याचे दिवस आले होते. बिलला हे फार लागलं.

एका माणसाची कंपनी

ऑक्टोबर १९९१ मध्ये ओकलंडच्या टेकड्यांवर भीषण आग लागली, हजारो घरं गेली. त्यांच्यासाठी मदतनिधी शो करायचं बिलच्या डोक्यात होतं. २५ ऑक्टोबरला ह्युई लुईसशी त्याबद्दल बोलायला तो कॉनकॉर्डला त्याच्या शोला गेला. परतताना खराब हवेत हेलिकॉप्टर विजेच्या टॉवरवर आदळलं. बिल आणि सोबतचे दोघं जागीच गेले. तो ६० वर्षांचा होता. ३ नोव्हेंबरला गोल्डन गेट पार्कमध्ये त्याच्या आठवणीत फुकट शो झाला, त्याला लाखो लोक आले.

कंपनीचं नावच बिल ग्रॅहम प्रेझेंट्स होतं. कुणाला घ्यायचं, कुणाशी भांडायचं, दारात कुणाचं स्वागत करायचं, सगळं त्याच्याभोवती फिरायचं. त्याच्यामागं जुन्या सहकाऱ्यांनी काही वर्षं ती चालवली. १९९७ मध्ये ती एसएफएक्स या कंपनीनं विकत घेतली. पुढं एसएफएक्सही क्लिअर चॅनेलकडं गेली आणि २००५ मध्ये त्यातूनच लाईव्ह नेशन वेगळी झाली, आज जगातली सगळ्यात मोठी कॉन्सर्ट कंपनी.

बिलच्या धंद्याचा जीव गिऱ्हाईकाच्या विश्वासात होता. त्याचं नाव मोठ्या कंपनीच्या पोटात गेलं, तरी ती सवय मात्र टिकली. १९८९ च्या भूकंपात नुकसान झालेलं मूळचं फिलमोर १९९४ मध्ये पुन्हा उघडलं. तिथं हाऊसफुल्ल शो झाला की बाहेर पडताना आजही पोस्टर हातात मिळतं. आणि आत शिरताना सफरचंदांचं पिंप दिसतं, पैसे न देता उचलायचं.