अत्तराचे शौकीन नारायणराव

हळदीकुंकू म्हटले की अत्तरदाणी आणि गुलाबदाणी आधी घासूनपुसून ठेवावी लागते. हातावर अत्तराचे बोट फिरते, अंगावर गुलाबपाण्याचे थेंब पडतात, आणि मग ओटी. पण पूर्वी आपल्याकडच्या बायकांच्या वाट्याला अत्तर आले ते एवढेच. लग्नात आणि हळदीकुंकवात कोणी लावील तेवढे लावून घ्यायचे. आपण होऊन, आपल्या आवडीने लावले तर चार तोंडे वाकडी होत. अशा त्या काळात सुगंधाची आणि नटण्याची हौस ज्यांच्याकडे पाहून हजारो बायका शिकल्या, ते एक पुरुष होते, ही मोठी नवलाची गोष्ट आहे. ते म्हणजे नारायणराव राजहंस, अर्थात बालगंधर्व.

त्यांचा जन्म २६ जून १८८८ चा. घराण्याचे मूळ गाव कृष्णाकाठचे नागठाणे. दहा वर्षांचा असताना हा मुलगा पुण्यात लोकमान्य टिळकांपुढे गायला, आणि टिळकांनी कौतुकाने बालगंधर्व म्हटले ते नाव जन्माला चिकटले. गाण्याची तालीम त्यांना भास्करबुवा बखले यांच्याकडे मिळाली. १९०५ साली ते किर्लोस्कर नाटक मंडळीत गेले आणि शकुंतला झाले. त्या वेळी घरंदाज स्त्रियांनी नाटकात काम करणे कोणाच्या स्वप्नातही नव्हते. म्हणून शकुंतला पुरुषाने व्हायची, रुक्मिणीही पुरुषानेच व्हायची.

१२ मार्च १९११ रोजी मुंबईत खाडिलकरांच्या ‘मानापमान’ नाटकाचा पहिला प्रयोग होता. नारायणरावांचे वय अवघे बावीस. त्याच दिवशी त्यांची पहिली मुलगी गेली. तरीही त्यांनी प्रयोग थांबवू दिला नाही. तोंडाला रंग लावून ते श्रीमंताघरची लाडकी भामिनी म्हणून उभे राहिले आणि गायले. लोक याचे फार कौतुक करतात. मला मात्र दर वेळी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंची आठवण होते. नाटकाच्या इतिहासात त्या माउलीच्या त्या रात्रीबद्दल कोणी फारसे लिहीत नाही.

पुढे १९१३ मध्ये गोविंदराव टेंबे आणि गणपतराव बोडस यांच्याबरोबर त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली. तेथून खरा थाट सुरू झाला. मखमली पडदे, भारी गालिचे, अस्सल जरीचे शालू, नक्षीदार दागिने. साथीला तबल्यावर थिरकवाँ आणि सारंगीवर कादरबक्ष यांच्यासारखे मोठे वादक. आणि त्या सगळ्यावर अत्तर! उंची अत्तराशिवाय नारायणराव रंगभूमीवर पाऊल टाकीत नसत. नाटकगृहातही सुगंधाचा शिडकावा होई. १९१६ साली ‘स्वयंवर’ आले, त्यात ते रुक्मिणी झाले. राजकन्या नुसती दिसून भागत नाही, ती जवळून गेल्यावर तसा वासही यायला हवा, असा हा हिशेब असावा. आमच्या आजेसासूबाईंनी पुण्यात त्यांचे नाटक पाहिले होते. पदे त्यांना पुढे आठवत नसत, पण तो वास आठवे, असे त्या सांगत.

बायकांसाठी नाटकगृहात वेगळी जागा असे. तिथे बसून बायका काय पाहत? गाणे तर ऐकतच, पण नऊवारीचा काष्टा कसा बसला आहे, पदर कुठून घेतला आहे, अंबाड्यावर गजरा किती कलता आहे, हे डोळ्यांत साठवून घरी नेत. नारायणरावांसारखी साडी, नारायणरावांसारखा अंबाडा ही पुण्यामुंबईत फॅशन झाली. घरच्या बाईने हौसेने नटावे, अंगाला सुगंध असावा, यात वावगे काही नाही, हे सुशिक्षित घरांतून हळूहळू मान्य होऊ लागले त्यात या नाटकांचा वाटा मोठा होता असे मला वाटते. सांगणारी बाई असती तर तिला लोकांनी बोल लावला असता. पुरुषाने करून दाखविले म्हणून ते खपून गेले. हसावे की रडावे, तुम्हीच ठरवा!

असो. अत्तराचा विषय निघाला आहे तर चार शब्द आपल्या उपयोगाचे. जुने अत्तर म्हणजे फुलांचा अर्क चंदनाच्या तेलात उतरवलेला. कनौजला तांब्याच्या डेगी चुलीवर ठेवून तो काढतात. उन्हाळ्यात वाळा, गुलाब, मोगरा ही थंड अत्तरे. वाळा तर आपण माठातही घालतो. पावसाळ्यात केवडा, म्हणजे हरतालिका आणि गणपती आले की तो आठवतोच, किंवा पहिल्या सरीच्या वासाचे मातीचे अत्तर. हीना, कस्तुरी, अंबर ही उष्ण, ती थंडीच्या दिवसांची. वैशाखातल्या लग्नात हीना लावून गेले तर शेजारणीचे डोके चढते. दिवसा फुलांचे हलके, रात्रीच्या समारंभाला थोडे गडद. मनगटावर आणि कानामागे एक बोट पुरे. जरीवर किंवा रेशमावर अत्तर लावू नये, तेलाचा डाग जात नाही. बाजारातल्या फवाऱ्याच्या बाटलीत मद्यार्क असतो, म्हणून ती गॅसपाशी उघडू नये. समाचाराला जाताना काहीच लावू नये, हे सांगायला नकोच.

प्रसंग ओळखण्याची ही जाण नारायणरावांना पुरेपूर होती. १९१९ साली गडकऱ्यांचे ‘एकच प्याला’ रंगभूमीवर आले. त्यात ते सिंधू झाले. दारुड्या नवऱ्याच्या घरी दळण दळून दिवस काढणारी सिंधू. ज्यांना शालूशिवाय लोकांनी पाहिले नव्हते ते नारायणराव ठिगळ लावलेले जुनेर नेसून आले, आणि नाटकगृहातल्या बायका पदराने डोळे पुसू लागल्या. मला विचाराल तर रुक्मिणीपेक्षा सिंधूच मोठी.

८ जुलै १९२१ रोजी मुंबईत टिळक स्वराज्य फंडासाठी केशवराव भोसले यांच्याबरोबर संयुक्त ‘मानापमान’ झाले. त्याची कथा घरोघर सांगितली गेली. तीनच महिन्यांत केशवराव गेले. इकडे गंधर्व मंडळीवर कर्जाचा डोंगर झाला होता. शालू, गालिचे, अत्तरे, पंगती, कशालाच हात आखडता नव्हता. दिवाळे काढून मोकळे व्हावे असा सल्ला मिळाला, तो त्यांनी मानला नाही. सगळे कर्ज स्वतःच्या शिरावर घेतले आणि पुढची कित्येक वर्षे गाऊन फेडले. महिन्याचा खर्च वहीत मांडणाऱ्या आपल्यासारखीला त्यांच्या उधळपट्टीचा रागच येतो. पण बुडवले कोणाचेही नाही, हेही तितकेच खरे.

मग बोलपट आले. १९३५ साली प्रभातच्या ‘धर्मात्मा’ चित्रपटात त्यांनी संत एकनाथांचे काम केले. ज्यांना शालूत पाहायची सवय, त्यांना ते पागोट्यात कसे रुचावे? शिवाय पडद्यावरच्या माणसाला वास नसतो. इकडे हिराबाई बडोदेकरांसारख्या गुणी स्त्रिया स्वतः नाटकात उभ्या राहू लागल्या. नारायणरावांच्याच कंपनीत गोहरबाई कर्नाटकी स्त्रीभूमिका करू लागल्या. काळ पालटला तो बरेच झाले, पण त्यांचे वैभव त्याबरोबर गेले.

उतारवयात पाय लुळे पडले. १९५५ साली संगीत नाटक अकादमीचा आणि १९६४ साली पद्मभूषणचा मान मिळाला, पण हाती पैसा उरला नव्हता. पुण्यात मुठेच्या काठी, जंगली महाराज रस्त्यावर, त्यांच्या नावाचे नाट्यगृह बांधायचे ठरले. ८ ऑक्टोबर १९६२ रोजी त्याची कोनशिला त्यांच्याच हस्ते बसली. त्या नाट्यगृहाजवळून वाहणारे पाणी पुढे संगमावर मुळेला मिळते आणि आपल्या मांजरीवरून जाते. १५ जुलै १९६७ रोजी पुण्यातच नारायणराव गेले. बालगंधर्व रंगमंदिराचे दार उघडले ते २६ जून १९६८ रोजी, त्यांच्या वाढदिवशी.