विल्यम हर्शेल

शत्रूच्या विमानाची ऊब हेरून त्याचा पाठलाग करणारें क्षेपणास्त्र हें युद्धशास्त्रांतील एक भयंकर साधन होय. परंतु ज्या अदृश्य किरणांच्या आधारें तें आपलें लक्ष्य शोधतें, त्यांचा शोध एका संगीतज्ञ ज्योतिष्यानें लाविला, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. त्या थोर पुरुषाचें चरित्र आम्ही येथें संक्षेपानें देत आहों.

विल्यम हर्शेल यांचा जन्म १७३८ सालीं जर्मनींतील हॅनोव्हर येथें झाला. वडील लष्करी बँडांत वादक होते. पुत्रानेंही प्रथम तोच पेशा पत्करिला. १७५७ सालीं ते इंग्लंडांत आले व पुढें बाथ शहरीं एका चॅपेलांत ऑर्गनवादक झाले. दिवसा संगीताच्या शिकवण्या आणि रात्रीं आकाशाचें निरीक्षण, असा त्यांचा क्रम असे. मोठी दुर्बीण विकत घेण्याइतकें द्रव्य नव्हतें, म्हणून त्यांनीं स्वहस्तें धातूचे आरसे घांसून दुर्बिणी बनविल्या. घांसतांना मध्यें हात थांबवितां येत नसे. अशा वेळीं धाकटी बहीण कॅरोलिन त्यांस घांस भरवी. १३ मार्च १७८१ रोजीं त्यांनीं युरेनस ग्रह शोधिला व त्यांची कीर्ति सर्वत्र पसरली.

सूर्याकडे पाहतांना निरनिराळ्या रंगांच्या कांचांतून कमीअधिक उष्णता येते, असें त्यांच्या ध्यानीं आलें. तेव्हां १८०० सालीं त्यांनीं लोलकानें सूर्यप्रकाशाचे रंग वेगळे करून त्यांत उष्णतामापक ठेविले. जांभळ्याकडून तांबड्याकडे जातां पारा अधिकाधिक चढला. आणि तांबड्याच्या पलीकडे, जेथें डोळ्यांस कांहींच दिसत नव्हतें, तेथें तर तो सर्वांत वर गेला. हेच अवरक्त किरण.

१८२२ सालीं हर्शेल निवर्तले. पुढें सुमारें सव्वाशें वर्षांनीं अमेरिकेंत विल्यम मॅक्लीन व त्यांचे सहकारी यांनीं ‘साइडवाइंडर’ क्षेपणास्त्र रचण्यास आरंभ केला. त्याच्या अग्रभागीं बसविलेला शिसें व गंधक यांच्या संयुगाचा ‘डोळा’ जेट विमानाचा तप्त मागील भाग ओळखी. २४ सप्टेंबर १९५८ रोजीं तैवानच्या सामुद्रधुनीवर तें प्रथम युद्धांत वापरलें गेलें व त्यानें विमानें पाडिलीं.

याचा दोष हर्शेल यांस देतां येईल काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. त्याच किरणांनीं आज रोग्याचा ज्वर स्पर्शावांचून मोजितां येतो आणि धुळीच्या मेघांआड दडलेले तारे दिसतात. शोध एकच, त्याचा उपयोग मात्र मनुष्याच्या अंतःकरणावर अवलंबून असतो. जेथें कांहीं नाहीं असें वाटतें, तेथेंही मोजून पाहण्याची हर्शेल यांची चिकाटी आमच्या मुलांनीं घ्यावी. आणि हातीं आलेल्या ज्ञानाचें काय करावें, याचा विचारही आतांपासूनच करावा.