सत्ता परत देणारा सेनापती : जॉर्ज वॉशिंग्टन

राज्ये जिंकणारे पुरुष इतिहासात पुष्कळ होऊन गेले. परंतु हाती आलेली सत्ता आपण होऊन परत करणारे फारच थोडे. त्या थोड्यांपैकी जॉर्ज वॉशिंग्टन ह्याचे चरित्र आम्ही आज वाचकांपुढे संक्षेपाने मांडीत आहो.

वॉशिंग्टनाचा जन्म ता. २२ फेब्रुवारी १७३२ रोजी उत्तर अमेरिकेतील व्हर्जिनिया ह्या इंग्रजी वसाहतीत झाला. तो अकरा वर्षांचा असता त्याचा बाप वारला. त्यामुळे त्याचे शिक्षण बेताचेच झाले. तरुणपणी तो जमिनीच्या मोजणीचे काम शिकला, व पुढे इंग्रजांच्या बाजूने फ्रेंचांशी लढून त्याने लष्करी अनुभव मिळविला.

ते युद्ध १७६३ साली संपले, तेव्हा इंग्लंडवर कर्जाचा मोठा बोजा झाला होता. तो हलका करावा म्हणून पार्लमेंटाने १७६५ साली वसाहतींवर स्टँपाचा कर व पुढे चहा वगैरे जिनसांवर जकात बसविली. ज्या सभेत आपला एकही प्रतिनिधी नाही तिला आपणांवर कर बसविण्याचा हक्क नाही, असे वसाहतवाल्यांचे म्हणणे होते. १७७३ साली त्यांनी बोस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या समुद्रात फेकिल्या. तो चहा ईस्ट इंडिया कंपनीचा, म्हणजे त्या काळी बंगाल्यावर अंमल करणाऱ्या कंपनीचाच होता. १७७५ साली लढाई जुंपली, व वसाहतींच्या काँग्रेसने वॉशिंग्टनास सेनापती नेमिले. पगार नाकारून त्याने केवळ खर्च तेवढा घेतला. ता. ४ जुलै १७७६ रोजी तेरा वसाहतींच्या स्वातंत्र्याचा जाहीरनामा मंजूर झाला.

तो खरा करून दाखविणे मात्र कठीण होते. १७७७-७८ च्या हिवाळ्यात व्हॅली फोर्जच्या छावणीत अन्नवस्त्रांची टंचाई पडून सुमारे २,००० शिपाई रोगराईने मेले. तरी सैन्य मोडले नाही. फ्रेंचांच्या साहाय्याने १७८१ साली यॉर्कटाऊन येथे इंग्रज सेनापती कॉर्नवॉलिस ह्यास शरण येणे भाग पडले. हाच कॉर्नवॉलिस पुढे गव्हर्नर जनरल होऊन हिंदुस्थानात आला, व मराठे आणि निजाम ह्यांस बरोबर घेऊन टिपूशी लढला.

१७८३ साली पगार थकलेले लष्करी अंमलदार काँग्रेसवर दडपण आणण्याच्या विचारात होते. सेनापतीने त्यांची बाजू घेतली असती तर तरवारीचे राज्य झाले असते. परंतु त्याने त्यांस आवरिले, व तह झाल्यावर ता. २३ डिसेंबर रोजी ॲनापोलिस येथे काँग्रेसपुढे उभे राहून आपला अधिकार परत दिला.

तथापि नवे राज्य दुबळे होते. काँग्रेसला कर बसविता येत नव्हता व कर्ज फिटत नव्हते. १७८६ साली मॅसॅच्युसेट्समध्ये गांजलेल्या शेतकऱ्यांनी बंड केले. तेव्हा १७८७ साली फिलाडेल्फिया येथे सभा भरून वॉशिंग्टन तिचा अध्यक्ष झाला. तिने कायदे करणे, अंमल चालविणे व न्याय देणे ही कामे तीन निरनिराळ्या हाती सोपविली, जेणेकरून एकाने दुसऱ्यास आळा घालावा. १७९१ साली ह्या घटनेस दहा दुरुस्त्या जोडल्या गेल्या. काँग्रेसने कोणताही धर्म राजधर्म म्हणून स्थापू नये, असे त्यांत ठरले. १७८९ साली वॉशिंग्टन पहिला प्रेसिडेंट झाला. दोन मुदती होताच, १७९७ साली, त्याने ते पदही सोडिले.

ह्या चरित्रातील काळा डाग आम्ही झाकीत नाही. स्वातंत्र्यासाठी लढणारा हा पुरुष शेकडो गुलामांच्या श्रमांवर आपली शेती चालवीत असे. घटनेतही मताचा हक्क नसलेल्या गुलामांची गणती पाचांस तीन ह्या हिशेबाने करून त्यांच्या धन्यांच्या संस्थानांस अधिक प्रतिनिधी देण्यात आले. ता. १४ डिसेंबर १७९९ रोजी वॉशिंग्टन मरण पावला. त्याने मृत्युपत्रात आपल्या मालकीच्या १२३ गुलामांस मुक्त करण्याचे ठरविले होते. त्याची विधवा मार्था हिने १८०१ च्या आरंभी ते अमलात आणिले. पत्नीच्या पहिल्या पतीच्या मिळकतीतील गुलाम मात्र बंधनातच राहिले. आणि सर्व देशातील गुलामगिरी मोठ्या रक्तपातानंतर १८६५ साली बंद झाली.

अधिकार ही लोकांनी विश्वासाने ठेविलेली ठेव आहे, हे वॉशिंग्टनाने दोनदा कृतीने दाखविले. ती ठेव ज्यांच्या नावाने घेतली त्या लोकांत सर्वांस न मोजिल्याने त्याच्या राष्ट्रास केवढी किंमत द्यावी लागली, हेही वाचकांनी लक्षात ठेवावे.